चिंध्यांनी बांधलेल्या वेण्या

तीर्थरूप वहिनी यांस,

मधूचा नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही गेलात त्यानंतरच्या शोकसभेत सगळे चार शब्द बोलले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बाहेर मंडपवाल्याशी बोलत उभा होतो. एका खुर्चीचा पाय मोडला होता आणि त्याचा खर्च आपल्या माथी येईल अशी मला धास्ती होती. लोकांना वाटलं, म्हातारा रडायला बाहेर गेला. रडलो मी नंतर, पण ते कोणी पाहिलं नाही. तेव्हापासून आज लिहू, उद्या लिहू असं चाललं आहे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. पेन हातात घेतला की आधी चुकांचीच काळजी लागते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भाऊजी, लिहून टाका. पोलीस थोडेच पकडायला येऊन राहिले?"

आज लिहायला बसलो त्याला कारण आपली रुची. माझी नात. तिच्या भावाचं, म्हणजे अनिकेतचं लग्न पुढल्या आठवड्यात आहे. घरभर सामान पडलं आहे, मला चष्मासुद्धा सापडत नाही. अशात परवा संध्याकाळी ही पोरगी आरशापुढे बसून ओल्या केसांना पायमोजे गुंडाळत होती. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "आजोबा, ये नया तरीका है. रात को बाँध के सो जाओ, सुबह कर्ल्स. गरम मशीन लगाना ही नहीं पड़ता." त्या गरम मशीननं तिनं केसांची टोकं झाडूसारखी करून घेतली आहेत, ते मी पाहतोच आहे.

मला हसू आलं. मी म्हटलं, मोजे ठेव बाजूला. जुनी सुती साडी आण, तिच्या चिंध्या फाड. केस अजून वाळू दे, इतके ओले बांधले तर सकाळपर्यंत वाळणार नाहीत आणि सर्दी होईल ती वेगळीच. आणि आईला सांग, मूठभर जवस उकळत ठेव. रुची माझ्याकडे बघतच राहिली. "आपको कैसे पता?" मी म्हटलं, वहिनीनं शिकवलं. तर तिनं विचारलं, "कौन वहिनी?"

वहिनी, काय सांगू! तुम्ही हिच्यासाठी भिंतीवरचा एक फोटो! ज्यांच्यामुळे हे घर आहे त्यांचं नाव या घरातल्या पोरीला माहीत नाही, यात पोरीचा काय दोष? आम्हीच बोललो नाही. म्हणून हे पत्र. आधी तुम्हाला लिहितो, मग तिला सांगतो. काही चुकलं असेल तर तुम्हाला समजेल, तिला समजणार नाही.

दादा काविळीनं गेले तेव्हा तुमचं वय तरी काय होतं? तुमचे भाऊ काटोलहून तुम्हाला न्यायला आले होते. ट्रंकसुद्धा बांधून ठेवली होती त्यांनी. मी दारात उभा होतो आणि धाकटी बहीण कुंदा माझ्यामागे. तुम्ही भावांना चहा दिलात आणि म्हणालात, मधूला अन् कुंदाला साधा चहा करता येत नाही, मी कशी येऊ? बस, एवढंच. भाऊ परत गेले. दादांच्या जागी तुम्हाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत घेतलं आणि आपलं क्वार्टर टिकलं. ती ट्रंक तुम्ही पुन्हा कधी सोडली तेही मला आठवत नाही. मी इतका घाबरलो होतो की तुमचे आभार मानायचं सुचलंच नाही.

तुमचं काम बायकांच्या गेटवर झडतीचं. बारूद भरायच्या सेक्शनमध्ये लोखंडाची टाचणीसुद्धा आत न्यायची नाही असा नियम. ठिणगी उडाली तर? म्हणून प्रत्येक बाईचा अंबाडा तुम्ही बोटांनी चाचपायच्या, पिना-आकडे काढून डब्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, सुटीत परत भेटतील. आत जाणाऱ्या बाया केसांच्या घट्ट वेण्या घालून, सुती पट्टीनं बांधून, वर टोपी चढवत. शिफ्टच्या सुटीला टोपी काढून वेण्या सोडल्या की त्यांच्या केसांना लाटा पडलेल्या असायच्या. ते तुम्ही रोज पाहायच्या. त्यातूनच तुम्हाला सुचलं, नाही का? मी कधी विचारलं नाही. आता विचारतो तर तुम्ही नाही.

कुंदाला टायफॉइड झाला तो त्याच वर्षी. पोरगी वाचली, पण केस गेले. जाड शेपटा होता तिचा, त्याची राहिली उंदराच्या शेपटीएवढी वेणी. त्यानंतर ती डोक्यावरून पदर घ्यायला लागली, तोही घरात! मान खाली. कोणी बोललं तर जमिनीकडे पाहून उत्तर द्यायची. दोन स्थळं येऊन पाहून गेली. एका घरच्या बाईनं तर तिला वेणी सोडायला लावली आणि सोडल्यावर काही न बोलता पानाचा डबा पुढे ओढला. तेव्हा मुली पाहायची हीच रीत होती. चालून दाखव, केस सोडून दाखव. त्या दिवसापासून कुंदा जेवतानासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मला रात्रंदिवस एकच घोर, हिचं कसं होणार? लग्न नाही जमलं तर नाही, पण ही पोरगी अशीच वाकून राहिली तर?

अशात बांगलादेशची लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, फॅक्टरीत डबल शिफ्ट. मी पॅकिंगमध्ये लाकडी खोकी ठोकायचो, तुम्ही गेटवर. घरी आल्यावरही माझ्या कानात हातोडा चालूच असायचा. आणि नेमका तेव्हाच इटारसीच्या स्थळाचा निरोप आला. मुलगा रेल्वेत, आई नाही, सगळं आत्याच्या हातात. आपल्याच शहरात कांचघरला त्यांचे नातलग होते, तिथं ते उतरणार आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्याकडे येणार. मी म्हटलं, लढाई संपू द्या, मग बोलावू. तुम्ही म्हणालात, लढाई काय आपल्याला विचारून संपणार आहे? बोलवा.

शेजारच्या काकूंनी सळई आणली होती. कोळशावर तापवून केस गुंडाळायचे, साहेबांच्या बायका तशाच करतात म्हणे. तुम्ही ती सळई अंगणाच्या बाहेर ठेवून आलात. आजारातून उठलेले केस आहेत, त्यांना चटका दिला तर हेही जातील, असं म्हणालात.

मग कुंदाला रिठ्यानं न्हायला घातलंत. थंडीचे दिवस, तिला अंगणात उन्हाकडे पाठ करून बसवलंत. केस जवळजवळ वाळले, नुसते दमट राहिले, तेव्हा उकळलेल्या जवसाचं फडक्यातून गाळलेलं बुळबुळीत पाणी बोटांनी हलकं लावलंत. दिवेलागणीच्या आत वेण्या घालायला बसलात, कारण पुढे अंधार करायचा होता. एक नाही, दोन नाही, डोकंभर बारीक बारीक वेण्या. प्रत्येकीचं टोक उलटं मुडपून तुमच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं. कुंदा म्हणाली, "वहिनी, मी बुजगावण्यासारखी दिसून राहिली." तुम्ही म्हणालात, "दिस ना. उद्यापर्यंत कावळे येणार नाहीत." पुष्कळ दिवसांनी ती हसली होती. मी मात्र बाजूला बसून कुरकुरत होतो, की ही फसवणूक तर नाही? पाहुण्यांना कळलं तर? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "केस तिचेच आहेत, भाऊजी. मी उसने नाही आणले."

सकाळी ड्यूटीला जायच्या आधी तुम्ही वेण्या सोडल्यात. खालून वर, एकेक, सावकाश. फणी लावू दिली नाहीत. हाताला थेंबभर खोबरेल चोळून नुसती बोटं फिरवलीत. वहिनी, मी त्या कामातलं काय समजणार, पण मला आजही ते दिसतं. नर्मदेवर वारा सुटला की पाण्यावर बारीक सळ पडतात, तसे ते केस झाले होते. मूठभर होते ते ओंजळभर दिसायला लागले. तुम्ही मागे एक सैलसर गाठ मारलीत आणि कुंदाला आरशापुढे उभं केलंत. तिनं पदर घ्यायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

तुम्ही पाहुण्यांसमोर येणार नव्हता, हे आधीच ठरलं होतं. कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. शेजारच्या काकू पुढच्या खोलीत बसणार, पोरगी त्याच आणणार, आणि तुम्ही ड्यूटीवरून आलात की मागच्या दारानं स्वयंपाकघरात. शुभकार्यात विधवेनं पुढे यायचं नाही, तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. तुम्हीच म्हणालात, मला तशीही सुटी नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, की चला, वाद टळला.

पाहुणे वेळेआधी आले. मी पोहे करत होतो, ते सोडून धावपळ. आत्याबाई मोठ्या धिप्पाड, टोपल्याएवढा अंबाडा, त्यावर जाळी. येताच म्हणाल्या की रस्त्यात धूळ फार, आधी हातपाय धुते. मी पाण्याची बादली घेऊन त्यांना मागच्या अंगणात नेलं. त्या हात धुऊन दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर करून जाळी सारखी करत. आणि नेमक्या तेव्हाच तुम्ही मागच्या फाटकातून आलात.

सकाळपासून गेटवर झडत्या घेऊन आलेला माणूस. समोर दारात एक बाई, हात वर करून उभी! तुमचे हात आपोआप उठले, वहिनी. मी "अहो" म्हणेपर्यंत तुमची बोटं त्यांच्या अंबाड्यात गेली होती. तुम्ही पिना काढल्यात, एकेक, डाव्या हातात गोळा केल्यात आणि गेटवरच्या आवाजात म्हणालात, "सुटीत परत भेटतील."

आणि पिनांच्या मागोमाग तुमच्या हातात आलं ते खोट्या केसांचं गंगावन! हातभर लांब, काळंभोर, टोकाला गाठ मारलेलं. आत्याबाईंच्या डोक्यावर राहिली सुपारीएवढी गाठ. माझ्या हातातली बादली कधी सुटली ते मला कळलं नाही. पायांवरून पाणी गेलं तेव्हा समजलं.

आत्याबाई म्हणाल्या, "बाई, मी पोरगी पाहायला आली. माझीच झडती काहून घेऊन राहिली?"

मला वाटलं, संपलं. आता इटारसीपर्यंत बोभाटा होणार आणि कुंदा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही माफी मागितलीत. म्हणालात, मी फॅक्टरीच्या गेटवर आहे जी, दिवसभर हेच करते, हाताला घर आणि गेट कळलं नाही. इथवर ठीक होतं. पण तुम्ही तिथं थांबला नाहीत. गंगावन हातात धरून पुढे म्हणालात, "तुमचं मी पाहिलं, तर आमचंही तुम्ही पाहून घ्या. पोरीचे केस टायफॉइडमध्ये गेले. आहेत ते पातळ आहेत. काल वेण्या घालून ठेवल्या म्हणून आज दाट दिसतात. न्हायली की पुन्हा बसतील."

वहिनी, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला होता! केलेलं सगळं स्वतःच्या तोंडानं पुसून टाकलंत. मी मागून खुणा करत होतो, तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत.

आत्याबाईंनी विचारलं, "मग काहून घातल्या वेण्या?"

"तुम्हाला फसवायला नाही. आजारापासून मान खाली घालून बसून राहिली. एक दिवस तरी वर करून बसावी, म्हणून."

 मग आत्याबाई मोरीच्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे आधी लावून द्या माझं. पिनांनी डोकं दुखते माझं, खरं सांगते."

तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहिलात. एकही पीन लावली नाहीत. गंगावन त्यांच्या केसांबरोबर गुंफत वेणी घातलीत, चिंधीनं बांधलीत आणि अंबाडा वळवलात. आत्याबाईंनी मान डावीकडे-उजवीकडे झटकून पाहिली. मग बाळंतपणात त्यांचे केस कसे गेले आणि नवरा गंगावन उन्हात वाळत घातलेलं पाहून साप म्हणून कसा ओरडला, ते सांगायला लागल्या. तुम्ही दोघी हसत होता आणि मी ओल्या पायांनी उभा राहून विचार करत होतो की हे चांगलं लक्षण आहे की वाईट.

आत जाताना आत्याबाईंनी तुमचा हात धरला. तुम्ही स्वयंपाकघराकडे वळत होता. त्या म्हणाल्या, "इकडे कुठं? पोरगी तुम्ही वाढवली, अन् बसणार चुलीपाशी?" तुम्ही हळूच म्हणालात की मला तसं बसता येत नाही. तर त्यांनी सरळ विचारलं, "कोणी सांगितलं?" मी ओले पाय पुसायला लागलो. शेजारच्या काकू खोकल्या. पण तोपर्यंत तुम्ही पुढच्या खोलीत होता, ड्यूटीच्याच साडीत, आत्याबाईंना लागून बसलेल्या.

कुंदा आली. तिनं आधी तुम्हाला पाहिलं, समोर, सगळ्यांमध्ये. तिची मान वर झाली ती तेव्हा. केसांमुळे झाली की तुम्हाला तिथं पाहून झाली, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. आत्याबाईंनी केस सोडायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं की पोहे तू केले का? कुंदा त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "नाही. भाऊनं केले. मीठ जास्त पडलं आहे, जपून खा." नवरा मुलगा फिसकन हसला.

होकार देताना आत्याबाईंनी एकच अट घातली, की लग्नाच्या दिवशी नवरीचे केस वहिनीनंच करायचे. लढाई संपल्यावर लग्न झालं. सराफ्यातून मंगळसूत्र आणलं, तेव्हा डबी मी वाटभर मुठीत आवळून धरली होती. आणि तुम्ही, ज्यांना कार्यात पुढे यायची बंदी होती, त्या तुम्ही भर मांडवात नवरीमागे उभ्या राहून वेणी घालत होता. काही बाया कुजबुजल्या. मी फार घाबरलो होतो. तुम्ही मात्र शेवटचा पेड घालूनच मान वर केलीत.

पुढे कॉलनीतल्या कितीतरी पोरी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या ओसरीवर येऊन बसायच्या. माझं लग्न तुम्हीच लावलंत, माझी पोरं तुम्हीच न्हाऊ-माखू घातलीत. महाराजपूरचं हे घर बांधताना तुमची सगळी फंडाची रक्कम तुम्ही काढून दिलीत आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. एक तक्रार आहे. तुम्ही कधी सांगितलं का नाही की तुम्हालाही भीती वाटते? त्या दिवशी अंगणात चेहरा पांढरा पडला होता तुमचा, मी पाहिला. तरी खरं बोललात. मी असतो तर गंगावन पाठीमागे लपवून पळालो असतो.

कुंदा बरी आहे. केस पांढरे झाले, पण ताठ बसते. लग्नाला येते आहे. फोनवर म्हणाली, "भाऊ, पोहे तू नको करू."

परवा रात्री रुचीचं डोकं मीच बांधून दिलं. बोटं वळत नाहीत आता, वेण्या वेड्यावाकड्या झाल्या. सकाळी सोडल्या तर एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला नुसता गुंता. पोरगी तरी खूश. "मस्त है आजोबा," म्हणाली. लग्नापर्यंत हात बसेल असं वाटतं.

आणि वहिनी, एक शब्द देतो. सुनबाईची आई, म्हणजे अनिकेतची आजी, लग्नासाठी छिंदवाड्याहून आली आहे. तिचे यजमान मागल्या वर्षी गेले. आल्या दिवशीच म्हणाली की हळदीच्या वेळी मला बोलावू नका, मी मागच्या खोलीत भाज्या निवडत बसेन. कोणी काही बोललं नाही. मी पण नाही बोललो, पाण्याचा ग्लास शोधत राहिलो. पण आता हे लिहून झाल्यावर उठणार आहे. तिला सांगणार आहे की अनिकेतला पहिली हळद तुमच्या हातची लागेल, आणि तुम्ही पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसाल. व्याही काय म्हणतील, गुरुजी काय म्हणतील, याची मला आत्तापासून धडकी भरली आहे. भरू दे. घाबरत घाबरत करीन, पण करीन. हा माझा शब्द.

बाकी इकडे सर्व ठीक. तुमचीच एक काळजी लागून राहिली आहे. शेवटी शेवटी तुमचा उजवा खांदा वर होत नव्हता. विंचरताना हात कानापाशी थांबायचा. आम्ही पुढे झालो की तुम्ही म्हणायच्या, जमते मला. तिथं कोणी आहे का, मागे बसून तुमचे केस विंचरून द्यायला? तेवढं लवकर कळवा.

तुमचा धाकटा दीर,
मधू